बांगड्याचं तोंड उघडून पाहिलंय का कधी?

खाडीपलीकडे:

गेल्या रविवारी बांगडे आणले होते. मी विळी घेऊन साफ करायला बसले होते आणि आठ वर्षांची भाची शेजारी उकिडवी बसून बघत होती. एका बांगड्याचं तोंड फाकवलं तशी ती म्हणाली, "मावशी, ह्याने कंगवा गिळलाय!"

दिसतं खरंच तसं. कल्ल्याच्या लाल झालरी आपण सगळ्यांनी पाहिल्यात, पण त्याच कमानीच्या आतल्या बाजूला, तोंडाकडे, लांब बारीक काड्यांची दाट रांग असते. तोंड नुसतं उघडलं तरी ती दिसते, कल्ला कापावा लागत नाही. बांगडा ओळखायची ही सगळ्यात पक्की खूण. त्याचं शास्त्रीय नाव रॅस्ट्रेलिगर कानागुर्टा. त्यातला पहिला शब्द लॅटिनमधल्या 'छोटं दाताळं' ह्या अर्थाच्या शब्दावरून आलाय. म्हणजे नाव ठेवणाऱ्याला भाचीच्या कंगव्यासारखंच काहीतरी दिसलं होतं. दुसरा शब्द तर आपल्या शेजारचाच, तेलुगू. निसर्ग-अभ्यासक पॅट्रिक रसेल ह्यांनी विशाखापट्टणमच्या माशांची चित्रं आणि वर्णनं १८०३ मध्ये छापली, त्यात तिथल्या कोळ्यांनी सांगितलेलं 'कानागुर्टा' हे नाव होतं. पुढे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए ह्यांनी १८१६ मध्ये तेच शास्त्रीय नावात घेतलं. आंध्रच्या कोळ्यांचा शब्द असा जगभर पोचलाय, ह्याचं मला फार अप्रूप आहे.

लहानपण सिंधुदुर्गात गेलं, प्राणिशास्त्र शिकले, आणि तरीही बांगडा म्हणजे ताटातला मासा एवढंच डोक्यात होतं. तो जिवंतपणी काय करतो हे बरंच उशिरा वाचलं. म्हणून हा धागा.

तो कंगवा म्हणजे बांगड्याचं जेवणाचं साधन. चरताना बांगडा तोंड वासून सरळ पोहत जातो. पाणी तोंडातून आत येतं, काड्यांमधून गाळलं जातं आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडतं. मागे उरतात ते पाण्यातले बारीक जीव: कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले सूक्ष्म जीव), कोळंबीची अळ्यांएवढी पिल्लं, माशांची पिल्लं. अगदी लहानपणी मात्र तो बराचसा डायटम, म्हणजे एकपेशीय वनस्पतींवर असतो, जोडीला अगदी बारीक प्राणी. वनस्पती पचवायला लांब आतडं लागतं, म्हणून पिल्लाचं आतडं शरीराच्या मानाने लांब असतं. मासा वाढतो, आहार बदलतो, तसं ते प्रमाणाने आखूड होत जातं. एकाच माशाच्या आयुष्यात पोट असं बदलतं हे वाचून मी दोन दिवस त्याचाच विचार करत होते.

आणि थवा का, तेही ह्या तोंडावरून कळतं असं मला वाटतं. सुरमईला एकेक मासा हेरून पकडायचा असतो, तिथे शेजारी म्हणजे वाटेकरी. बांगड्याचं अन्न ढगासारखं पसरलेलं असतं. एकाने खाल्लं म्हणून दुसऱ्याचं लगेच संपत नाही, आणि ढग शोधायला हजार डोळे एका जोडीपेक्षा बरे. शिवाय सुरमई, कुपा, मुशी, डॉल्फिन, समुद्रपक्षी सगळेच त्याच्यावर टपलेले. उघड्या पाण्यात लपायला दगड नाही की कपार नाही. लपायचं तर आपल्यासारख्याच दुसऱ्याच्या आड.

तुमच्याकडे काय पाहण्यात आलंय ते लिहा. विशेषतः रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, गेलेल्यांनी.

रापणकर:

छान धागा, ताई. आमच्या घरात तीन पिढ्या रापण आहे, मी स्वतः शाळेत असल्यापासून दोर ओढतोय.

आजोबा म्हणायचे, "बांगडो इलो की पाणीच सांगता." थवा वर आला की पाण्यावर वेगळीच थरथर दिसते, वारा नसताना पाऊस पडल्यासारखी. दुरून पाहिलं तर समुद्रात गडद डाग सरकताना दिसतो, ढगाची सावली वाटावी असा. वर पाखरं असतील तर प्रश्नच नाही. काळोख्या रात्री आणखी सोपं. पाण्यात चमकणारे जीव असले की थवा हलला तिथे निळसर उजेड पेटतो. जाणता माणूस त्या उजेडाच्या हालचालीवरून बांगडा की तारली (सार्डीन) हे सांगायचा. मला ते अजून जमत नाही.

रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी: जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवायचा, होडीने अर्धगोल मारत जाळं टाकत जायचं आणि दुसरा दोर लांब अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणायचा. मग दोन्हीकडून माणसं ओढतात आणि ओढता ओढता एकमेकांकडे सरकत येतात. होडी टाकत असताना बोलायचं नाही, वल्ह्याचा आवाज करायचा नाही. "मासो फुटतलो" म्हणून ओरडा बसायचा. एकदा थवा फुटला की अर्ध्या मिनिटात खाली रिकामं पाणी.

एक गोष्ट मला कायम नवलाची वाटलीय. एका ओढीत आलेले बांगडे जवळपास एकाच मापाचे असतात. पाटीत ओतले की साच्यातून काढल्यासारखे. लहानमोठे मिसळलेले क्वचित.

नवशिकी:

वाचनखूण साठवली. दोन बाळबोध प्रश्न आहेत. थव्याला कुणी पुढारी असतो का? आणि इतके जवळजवळ पोहतात तर एकमेकांवर आपटत कसे नाहीत?

खाडीपलीकडे:

बाळबोध मुळीच नाहीत, ह्या प्रश्नांवर लोकांनी आयुष्यं घालवलीत.

पुढारी नसतो. थवा वळला की जे कडेला होते ते पुढे येतात आणि पुढचे कडेला जातात. प्रत्येक मासा फक्त आपल्या जवळच्या काही शेजाऱ्यांकडे लक्ष देतो: फार जवळ आला तर थोडं दूर, फार लांब गेला तर थोडं जवळ, आणि बाकी वेळ त्याच्याच दिशेने. एवढ्यावर हजारो मासे एकदम वळतात.

न आपटण्याचं उत्तर कुशीवर आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यात पाण्याचा दाब आणि हालचाल जाणणारे सूक्ष्म अवयव असतात. शेजाऱ्याने शेपटी मारली की पाण्यातून आलेला तो धक्का ह्या रेषेला कळतो. १९७६ मध्ये स्कॉटलंडमध्ये सेथ नावाच्या माशावर एक प्रयोग झाला होता. माशाचे डोळे तात्पुरते झाकून त्याला थव्यात सोडलं, तरी तो इतरांबरोबर नीट पोहत राहिला. तो मासा बांगड्याच्या कुळातला नाही, पण थव्याची युक्ती अनेक कुळांत एकच दिसते. डोळे अर्थात लागतातच, बांगड्याचे तर मोठे असतात आणि त्यांवर पारदर्शक चरबीची झापड असते. ताज्या बांगड्याचा डोळा काचेसारखा दिसतो तो ह्याच झापडेतून.

रापणकर दादांच्या एकाच मापाचं कारण पोहण्यात आहे. माशाचा आरामात पोहण्याचा वेग त्याच्या लांबीवर ठरतो. बारा सेंटिमीटरचं पिल्लू वीस सेंटिमीटरच्या बांगड्याबरोबर दिवसभर राहू शकत नाही, मागे पडतं आणि आपल्या मापाच्या लोकांत जाऊन मिळतं. शिवाय वेगळा दिसणारा मासा शिकाऱ्याच्या डोळ्यात आधी भरतो.

उत्तरसमुद्र:

मी सध्या ॲबर्डीनला आहे. इथे मॅकरेल मिळतो, तळला की बांगड्याची आठवण येते, पण चव आणि रूप वेगळं. पाठीवर वाघासारख्या वेड्यावाकड्या काळ्या रेघा असतात. हा बांगडाच का?

खाडीपलीकडे:

चुलत भाऊ म्हणा. तो स्कॉम्बर वंशाचा, आपला रॅस्ट्रेलिगर. कुळ एकच, ज्यात सुरमई आणि कुपेही येतात. म्हणून शेपटीजवळ वर पाच आणि खाली पाच पिसांसारखे सुटे पर दोघांनाही दिसतील. आपल्या बांगड्याच्या पाठीवर नागमोडी रेघा नसतात. आडव्या, कुशीला समांतर पट्ट्या असतात, अगदी ताज्यात सोनेरी झाक मारतात, आणि कल्ल्यामागच्या पराखाली एक काळा ठिपका असतो. तुमच्याकडचा कंगवाही इतका लांब नसतो.

आयुष्यात तर जमीन-अस्मानाचा फरक. तुमचा थंड पाण्यातला, तो पंधरा वर्षांच्या वरही जगतो. आपला चारेक वर्षं, आणि बाजारात येणारे बहुतेक एक-दोन वर्षांचेच असतात. पण वाढतो भराभर. वर्षाभरात वीतभर होतो.

आणखी एक: आपला बांगडा पूर्व आफ्रिका आणि तांबड्या समुद्रापासून इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियापर्यंत आहेच, शिवाय सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातही शिरलाय.

पणजीवाला:

बांगडा किनाऱ्याला का येतो ह्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी शास्त्रज्ञ नव्हे, पण ह्या विषयावरची व्याख्यानं आवडीने ऐकतो.

पावसाळ्यात केरळापासून वर गोव्याच्या आसपासपर्यंत वाऱ्यांमुळे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. त्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर. ऊन मिळालं की डायटम उसळतात, त्यांच्यावर कोपेपॉड आणि त्यांच्यावर बांगडा. कोल्लमपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा हा बांगड्याचा जुना पट्टा मानतात तो उगीच नाही. रत्नागिरीच्या वर गेलात की किनाऱ्याचं रूप बदलतं, गाळाचं पाणी येतं, आणि राज्य बोंबलाचं सुरू होतं.

पण त्या खालच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर वर्षानुवर्षं पाणी तपासत आलीय. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला तिथे तळाजवळचं पाणी जवळपास गुदमरलेलं असतं. म्हणजे खाली श्वास नाही आणि वर अन्नाची रेलचेल. सतत पोहणाऱ्या, भरपूर ऑक्सिजन लागणाऱ्या माशाने मग वरच्या थरात, किनाऱ्याकडे गर्दी केली तर नवल काय? आमच्याकडे चतुर्थी झाली की बांगड्याची वाट बघतात, त्यामागे हे सगळं आहे.

आणि हो, उड्डमेथी. बांगड्याच्या तेलकट मांसाला उडीद-मेथीचा कडवटपणा आणि तिरफळाचा झणका लागतोच. पापलेटची कुणी उड्डमेथी करत नाही.

खाडीपलीकडे:

पणजीवाला, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. त्याला एक जोड देते. विणीचा काळही ह्या चक्राला बांधलेला आहे. आपल्या किनाऱ्यावर बांगड्याची वीण मुख्यतः पावसाच्या तोंडावर आणि पावसात होते. मादी सगळी अंडी एकदम सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडते. अंडी पाण्यात मोकळी तरंगतात, आईबाप त्यांची राखण करत नाहीत. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पाण्यात डायटमची सुगी असते आणि त्यांचं आतडं त्याच जेवणासाठी लांब असतं.

मात्र सगळी मदार वेळ जुळण्यावर. पाऊस उशिरा, वारा कमजोर, पाणी जास्त गरम असं काही झालं तर पिल्लं येतात आणि ताट रिकामं असतं. एखाद्या वर्षी बांगडा पैशाला पासरी आणि पुढच्या वर्षी औषधालाही नाही, ह्याचं एक मोठं कारण हे. तारलीचं तर ह्याहून अवघड आहे, कारण ती डायटमवर जास्त अवलंबून. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये मिळाली ३,२९७ टन. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे आहेत. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

माहेरची_वाट:

थोडं विषयाला सोडून, पण बांगड्याचं आहे म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी प्रवासात एका खाणावळीत तळलेला बांगडा खाल्ला. पहिल्या घासाला जीभ चुरचुरली, मला वाटलं तिखट जास्त आहे. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, कान गरम, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले माशाची ॲलर्जी, आता जन्मभर मासे बंद. मी रडकुंडीला आले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की ही माझी ॲलर्जी नव्हती, तो मासाच बिघडलेला होता. त्यानंतर ताजा बांगडा कितीदा खाल्ला, काही झालं नाही.

खाडीपलीकडे:

हे विषयाला सोडून नाही, बांगड्याच्या जगण्याशीच जोडलेलं आहे. बांगड्याचा काप काढलात तर कुशीच्या रेषेलगत गडद लाल मांसाचा पट्टा दिसतो. हे न थकता पोहणाऱ्या स्नायूंचं मांस. ह्या कुळाच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना पडला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि आपलं शरीर ॲलर्जीत जे तयार करतं तेच हे रसायन. म्हणून लक्षणं तशीच. शिजवून किंवा तळून ते जात नाही, वासावरूनही दर वेळी कळत नाही. जीभ चुरचुरली की घास तिथेच थांबवावा आणि डॉक्टर गाठावा. बांगडा बोटीवरून उतरल्यापासून चुलीपर्यंत बर्फात हवा. पाटीत उन्हात ठेवलेला कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

रापणकर:

लहान बांगड्याचं बोलायला हवं, ते राहून जातंय.

मागच्या मोसमात एका पहाटे आमच्या गावासमोर समुद्रात बोटींचे दिवे दिसले. सकाळी बंदरावर गेलो तर क्रेटच्या क्रेट बोटभर बांगडा. खाणारा कोण त्याला? बर्फाचा खर्चही निघत नाही, म्हणून तो खताला आणि कुटीला (सुक्या मासळीच्या भुकटीला) जातो. आम्ही त्या दिवशी रापण टाकली, चाळीस माणसांना वाटणी म्हणून मूठभर मासा आला. दोर ओढायला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यांना चार चार मासे द्यायची आमच्यात रीत आहे, तेवढेही देता आले नाहीत. त्या दिवशी किनाऱ्यावर कुणी कुणाशी बोललं नाही.

एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडायला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलीय. महाराष्ट्रात पर्ससीनवर, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने बंधनं आली, सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला. नियम आहेत, दिवेही दिसतात. पर्ससीनवर काम करणारी पोरंही गरीबच आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही.

खाडीपलीकडे:

दादा, वाचून वाईट वाटलं.

थव्याने राहणं शिकाऱ्यापुढे उपयोगी पडतं कारण सुरमई एकावेळी एकच बांगडा धरते आणि गर्दीत तिची नजर गोंधळते. जाळ्याला नजर नसते. जितका दाट थवा तितकं एका फेऱ्यात सगळं आत. लाखो वर्षं ज्याने वाचवलं तेच इथे उलटतं. दिव्याने तर पिल्लांचे थवे आपणहून गोळा होतात.

बांगडा साधारण १८ ते २२ सेंटिमीटरला पहिल्यांदा गाबोळी (पोटातली अंडी) धरतो. केरळने ठरवलेली किमान लांबी १४ सेंटिमीटर आहे. ती पहिल्या गाबोळीपेक्षा कमीच, तरी निदान बोटभर मासा वाचतो. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. आपण विकत घेणाऱ्यांनी घरात एक पट्टी ठेवली तरी पुष्कळ कळेल. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं.

नवशिकी:

मोजले!

आज बाजारातून डझनभर आणले. सर्वांत लहान साडेपंधरा सेंटिमीटर, सर्वांत मोठा एकोणीस. रापणकर काका म्हणाले तसेच, जवळजवळ एका मापाचे. कंगवा सगळ्यांच्या तोंडात दिसला, मोबाइलच्या उजेडात फार सुंदर दिसतो, किंचित पिवळसर. पोटं कापून पाहिली, एकातही गाबोळी नव्हती. एकाच्या पोटात करड्या पेस्टसारखं काहीतरी होतं. ते काय असेल?

खाडीपलीकडे:

त्याचं जेवण. थोडं पाण्यात सोडून पांढऱ्या बशीत पसरा आणि भिंगातून बघा. टोकदार, तांदळाच्या कणीहून बारीक, पुढे दोन लांब मिशा असलेलं काही दिसलं तर ते कोपेपॉड. गाबोळी नाही म्हणजे ह्यांनी अजून वीण पाहिलेलीच नाही. बहुधा ह्याच पावसातले किंवा त्याच्या जरा आधीचे असतील. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजाल का? त्याच मावशींकडून घ्या, आणि ते कुठल्या बंदराचे आहेत तेही विचारून ठेवा.

नवशिकी:

विचारलं होतं, मालवणचे म्हणाल्या. वही केलीय. आणि बशीत मिशा दिसल्या.